चेस: खडूच्या खडकातून पाझरणारी नदी

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइननं वायव्येकडे निघालं की हॅरो मागे पडतं, पुढे रिकमन्सवर्थ, चॉर्लीवुड, चाल्फंट अँड लॅटिमर आणि अगदी शेवटी चेशम. या शेवटच्या चार स्थानकांच्या जवळून, चिल्टर्न टेकड्यांमधल्या एका दरीतून, चेस नावाची छोटी नदी वाहते. चेशम गावाभोवतीच्या झऱ्यांतून निघून लॅटिमर, चेनिझ, सॅरट अशा खेड्यांच्या खालून ती रिकमन्सवर्थला येते आणि कोल्न नदीला मिळते. कोल्न पुढे टेम्सला मिळते. चेसची लांबी साधारण १८ किलोमीटर. बऱ्याच ठिकाणी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही आणि सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर. आपल्याकडे एवढ्या पाण्याला ओढाच म्हणतील.

पण तिचं वागणं आपल्या कुठल्याच ओढ्यासारखं नाही. ऑगस्टमध्ये दोन दिवस धो धो पाऊस पडला तरी तिला पूर येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र आठवडाभर आभाळ कोरडं असलं तरी ती वर्षातली सगळ्यात भरलेली असते. हवा शून्याखाली गेली तरी झऱ्याजवळचं पाणी गोठत नाही. तिथलं तापमान बारा महिने १० ते ११ अंशांच्या आसपास असतं. आषाढात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि वैशाखात नुसते गोटे उरणाऱ्या नद्या बघत जे वाढले, त्यांना हे सगळं उलटंच वाटणार.

या सगळ्याचं कारण नदीत नाही, तिच्या खालच्या खडकात आहे. हा खडक चॉकचा, म्हणजे खडूचा. मऊ, पांढरा, हाताला पीठ लागणारा चुनखडीचा प्रकार. अशा खडकातून उगम पावणाऱ्या नद्यांना चॉक स्ट्रीम म्हणतात. जगभरात त्या काही शेच आहेत आणि त्यांतल्या पाचातल्या चारांहून जास्त एकट्या इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात आहेत. थोड्या उत्तर फ्रान्समध्ये, थोड्या डेन्मार्कमध्ये. नदीचा हा प्रकार इतका दुर्मीळ आहे, हे त्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

खडकाची गोष्ट

साधारण दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण इंग्लंडच्या जागी उबदार समुद्र होता. त्यात कॉकोलिथोफोर नावाचं एकपेशीय शैवाल तरंगत असे. या शैवालाच्या अंगाभोवती कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्या असतात. शैवाल मेलं की चकत्या तळाशी बसत. हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर, एवढ्या सावकाश हा थर चढत गेला आणि कोट्यवधी वर्षांत शेकडो मीटर जाडीचा झाला. मधे मधे समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यांमधली सिलिका साकळून चकमकीचे दगड तयार झाले. चेसच्या तळाशी पसरलेले करडे-तपकिरी गोटे याच चकमकीचे आहेत.

त्या कालखंडाच्या अगदी अखेरीला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. त्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार आणि सह्याद्री घडला. काळाच्या हिशेबात हे दोन्ही खडक शेजारी आहेत, पण पाण्याशी त्यांचं वागणं अगदी वेगळं. घट्ट काळ्या पाषाणात पाणी फारसं मुरत नाही. वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि भेगांमध्ये जेवढं शिरेल तेवढंच. बाकीचं उतारानं धावत सुटतं. म्हणून पावसाळ्यात लोंढे आणि उन्हाळ्यात टँकर. चॉकमध्ये याच्या उलट घडतं. त्याच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पोकळीच असते. ही छिद्रं इतकी बारीक असतात, की त्यांच्यात शिरलेलं पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. खडकाला असंख्य भेगा असतात आणि पाणी पुढे सरकतं ते मुख्यतः या भेगांमधून. छिद्रांत साठा आणि भेगांतून वाट, अशी चॉकची दुहेरी रचना आहे.

म्हणून चिल्टर्न टेकड्यांवर फिरताना एक गोष्ट लक्षात येते: वर ओढेनाले जवळजवळ नाहीतच. दऱ्या आहेत, चांगल्या खोल आहेत, पण कोरड्या. हिमयुगात जमीन खोलवर गोठलेली असताना खडकात पाणी मुरू शकत नव्हतं, तेव्हा उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं या दऱ्या कोरल्या. हवामान उबदार झालं, खडक पुन्हा पाणी पिऊ लागला आणि दऱ्या कोरड्या पडल्या. चेसची दरी तिच्या आजच्या पाण्याच्या मानानं एवढी ऐसपैस का, याचंही उत्तर तेच. ती दरी या एवढ्याशा प्रवाहानं कोरलेली नाही.

पाऊस कधीचा, नदी कधीची

या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात पडतो तेवढाच म्हणा ना. फरक इतकाच, की पुण्यात तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो आणि इथे बारा महिन्यांत वाटला जातो. पण बारा महिन्यांचा पाऊस नदीच्या कामी येत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात गवत, झाडं, पिकं जोमात असतात. ती मातीतलं पाणी ओढून घेतात, काहीचं बाष्प होतं, आणि खडकापर्यंत फारसं काही पोचत नाही. ऑक्टोबरनंतर झाडं झोपी जातात, ऊन मंदावतं, माती भिजून गच्च होते. मग पडणारा पाऊस खाली उतरू लागतो. नदीची खरी कमाई ऑक्टोबर ते मार्च एवढीच.

हे पाणी हळूहळू मुरत भूजलात मिसळतं आणि भूजलाची पातळी वर चढत जाते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एखादा प्रचंड रांजण डोळ्यांसमोर आणा. हिवाळाभर तो भरत राहतो, आणि त्याच्या काठाची सगळ्यात खोलगट जागा जिथं असेल तिथून पाणी बाहेर सांडू लागतं. ती खोलगट जागा म्हणजे दरीचा तळ आणि सांडणारं पाणी म्हणजे चेस. फेब्रुवारी ते एप्रिल या दरम्यान भूजल सगळ्यात वर असतं, म्हणून नदीही तेव्हाच सगळ्यात भरलेली. नंतर ती सावकाश उतरत जाते आणि शरदात, पुढच्या हिवाळ्याचा पाऊस मुरण्याआधी, सगळ्यात बारीक होते. नदीतल्या पाण्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग असा जमिनीखालून आलेला असतो.

यातून एक मजेशीर गोष्ट घडते. उगमाची जागा ठरलेली राहत नाही. चेशमला तीन बाजूंच्या दऱ्यांमधून पाणी येतं. ओल्या वर्षी झरे दरीत आणखी वर, पेडनोरच्या बाजूला फुटतात आणि नदी लांब होते. कोरड्या वर्षी उगम खाली सरकतो. नदीच्या माथ्याकडचा हा टप्पा अधूनमधून कोरडा पडणं तसं नैसर्गिक आहे. अशा येत्याजात्या पाण्याला सरावलेले किडे आणि वनस्पतीही असतात. मात्र तो किती काळ कोरडा राहतो, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी पाण्याची चव. पाऊस मातीतून खाली जाताना तिथला कार्बन डाय ऑक्साइड उचलतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. हे पाणी चॉक थोडा थोडा विरघळवत जातं. म्हणून झऱ्यातून निघतं तेव्हा ते कॅल्शियमनं भरलेलं, किंचित अल्कधर्मी आणि खडकातून गाळून आल्यामुळे तळाचा गोटान् गोटा दिसेल इतकं नितळ असतं. हॅरो, वॉटफर्डच्या मराठी घरांमध्ये किटलीच्या तळाशी पांढरा कडक थर साचतो आणि दर थोड्या दिवसांनी व्हिनेगर घालून तो काढावा लागतो. तो थर म्हणजे हाच खडक. पाणी उकळलं की कार्बन डाय ऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चॉक पुन्हा घट्ट होऊन तळाशी बसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शैवालाच्या चकत्या रोजच्या चहाच्या किटलीत उतरतात. आणि याचाच दुसरा अर्थ असा, की या भागातल्या नळाला येणारं पाणी आणि नदीला मिळणारं पाणी एकाच रांजणातलं आहे.

पाट, पाणचक्क्या आणि तिखट पाला

बारा महिने एकसारखं वाहणारं पाणी माणसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. मध्ययुगापासून चेसवर पाणचक्क्या होत्या. आधी दळणाच्या, नंतर काही कागदाच्या. दरीचा उतार कमी असल्यामुळे चाक फिरायला पुरेशी उंची मिळवायची तर नदी तळातून उचलून दरीच्या कडेनं, जरा वरच्या पातळीवरून न्यावी लागे. म्हणजे पाटच काढावा लागे. आज नदी म्हणून आपण जे पाहतो, त्यातला बराच भाग असा जुना पाट आहे: सरळ, संथ आणि गाळानं भरलेला. लॅटिमरला एका जमीनदारानं बागेच्या शोभेसाठी बंधारा घालून रुंद तलाव केला, तो अजून आहे. दिसतो सुंदर, पण माशांच्या वाटेत भिंत उभी राहिली ती राहिलीच.

वॉटरक्रेसची गोष्ट मात्र या नदीला शोभणारी आहे. अळिवाच्याच कुळातली ही पालेभाजी, चवीला मिरमिरीत तिखट. तिला वाहतं, स्वच्छ, कॅल्शियमयुक्त आणि न गोठणारं पाणी लागतं, आणि ते चॉकच्या झऱ्यांखेरीज कुठं मिळणार? १८०८ च्या सुमारास केंटमध्ये तिची पद्धतशीर शेती सुरू झाली आणि मग चिल्टर्नच्या दऱ्यांमध्येही पसरली. झऱ्यांच्या तोंडाशी उथळ वाफे करायचे, त्यांतून पाणी खेळतं ठेवायचं. मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८७ मध्ये रिकमन्सवर्थला आणि १८८९ मध्ये चेशमला पोचली, तशी सकाळी खुडलेली भाजी लंडनच्या बाजारात जाऊ लागली. गरिबांचा नाश्ता म्हणून जुड्या रस्त्यावर विकल्या जात. आज यातले बहुतेक वाफे मोडले आहेत. सॅरटजवळचा एक मळा मात्र बाकी सगळे बंद झाल्यावरही बराच काळ टिकला होता.

पाण्याखालचं जग

मे-जून महिन्यात एखाद्या पुलावरून खाली पाहिलं तर पाण्यात लांब हिरवे झुबके प्रवाहासोबत डोलताना दिसतात आणि पृष्ठभागावर पांढरी, मध्ये पिवळा ठिपका असलेली फुलं. ही वॉटर क्रोफूट. चॉकच्या नदीत सगळ्यात महत्त्वाची वनस्पती कोणती, असं मला विचारलं तर मी विचार न करता हिचं नाव घेईन. तिचे झुबके प्रवाहाला अडवतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी कमी झालं तरी पातळी उंच राहते. दोन झुबक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात धावतं आणि तिथले गोटे धुतले जाऊन स्वच्छ राहतात. झुबक्याच्या आडोशाला पाणी मंद होतं, तिथं माशांची पिल्लं थांबतात, किडे पानांना धरून बसतात. एकच वनस्पती नदीला पातळी, वेग आणि आडोसा अशा तिन्ही गोष्टी पुरवते. पण तिला ऊन हवं, नितळ पाणी हवं आणि पुरेसा प्रवाह हवा. प्रवाह मंदावला, पाण्यात फॉस्फरस वाढला, की तिच्या पानांवर तपकिरी शेवाळाचा लेप चढतो आणि ती झडते.

त्या धुतलेल्या गोट्यांवर तपकिरी ट्राउट माशाचं भवितव्य अवलंबून असतं. हिवाळ्याच्या तोंडाला मादी शेपटीचे फटकारे मारून खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी सारते. अंडी आठवडेच्या आठवडे त्या खडीत असतात. त्यांना ताजं, प्राणवायू असलेलं पाणी खडीच्या फटींतून मिळत राहायला हवं. फटींमध्ये गाळ बसला की अंडी गुदमरतात. वरून नदी कितीही स्वच्छ दिसो, खडीत गाळ असेल तर पुढच्या पिढीची वाट बंद. त्याच दगडांखाली बुलहेड नावाचा बोटभर लांबीचा, मोठ्या डोक्याचा मासा राहतो. त्याच्यात अंड्यांची राखण नर करतो. दगडाखाली जागा तयार करतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत पंखांनी पाणी हलवत तिथंच थांबतो.

नदीची तब्येत कशी ओळखायची? इंग्लंडमध्ये अनेक नद्यांवर आणि चेसवरही स्वयंसेवक एक साधी तपासणी करतात, ती समजून घेण्यासारखी आहे. गमबूट घालून पाण्यात उभं राहायचं, जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची आणि तीन मिनिटं पायानं तळाचे गोटे हलवत राहायचं. गोट्यांना चिकटलेले जीव सुटून जाळीत येतात. मग एक मिनिट दगड हातानं उचलून तपासायचे. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी केली, की सुरुवातीला नुसता कचरा दिसतो: पानांचे तुकडे, काड्या, वाळू. जरा थांबलं की कचरा हलू लागतो. कुशीवर पडून भराभर पोहणारे वाकडे, राखाडी गॅमरस. याला गोड्या पाण्यातली कोळंबी म्हणतात. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधलेल्या आणि नळीसकट चालणाऱ्या कॅडिस अळ्या. तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या, पोटाच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले थरथरवत. ठरलेल्या आठ गटांतले जीव मोजायचे आणि आकडा लिहून घ्यायचा. हे किडे महिनोन्‌महिने त्याच जागी राहतात, त्यामुळे मागच्या काही आठवड्यांत पाण्यात काय मिसळलं याची साक्ष तेच देतात. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली तर कळतं ते त्या क्षणापुरतं. एखाद्या महिन्यात आकडा नेहमीच्या मर्यादेखाली घसरला, की स्वयंसेवक पर्यावरण खात्याला कळवतात आणि शोध सुरू होतो.

मेफ्लायच्या सगळ्यात मोठ्या जातीची अळी तळाच्या गाळात बीळ करून साधारण दोन वर्षं काढते. मग मे महिन्याच्या शेवटी वर येते, पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकते आणि पंख फुटून उडते. काठावरच्या झाडावर बसून ती आणखी एकदा कात टाकते. पंख आल्यानंतर पुन्हा कात टाकणारा आज दुसरा कुठलाच कीटक नाही. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगं तोंड नसतं, पोट भरण्याचा प्रश्नच उरत नाही. संध्याकाळी नरांचे थवे हवेत वर-खाली नाचतात, माद्या त्यात शिरतात, मीलन होतं, अंडी पाण्यावर सोडली जातात आणि दिवसा-दोन दिवसांत सगळं आटोपतं. त्या दिवसांत ट्राउट, वटवाघळं, पाकोळ्या, सगळ्यांची चंगळ असते.

पक्ष्यांमध्ये आपल्या ओळखीचे बरेच भेटतात. निळ्या पाठीचा छोटा खंड्या दोन्हीकडे एकाच जातीचा. करडा धोबी इथे वर्षभर दिसतो, सह्याद्रीच्या ओढ्यांवर तो हिवाळी पाहुणा असतो. पांढराशुभ्र लहान बगळा आपल्या शेताच्या बांधावर नेहमीचा, पण इंग्लंडमध्ये त्यानं पहिलं घरटं केलं ते १९९६ साली.

वॉटर व्होल

चेसचं नाव प्राणिप्रेमी मंडळींत घेतलं जातं ते प्रामुख्यानं वॉटर व्होलमुळे. दिसायला उंदरासारखा, पण नाक बोथट, कान केसांत दडलेले, शेपटीवर लव, आणि चेहरा गोल. वजन दोन-तीनशे ग्रॅम. तो नदीच्या मातीच्या काठात बिळं करतो. काही दारं पाण्याखाली, काही पाण्याच्या वर. जवळजवळ पूर्ण शाकाहारी. थंड पाण्यात शरीर ऊबदार ठेवायचं तर खाणं भरपूर लागतं, म्हणून रोज स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत गवत आणि देठ तो फस्त करतो. तो स्वतः दिसला नाही तरी त्याच्या खुणा दिसतात: काठावर साधारण बोटभर लांबीचे, टोकाला तिरपे कुरतडलेले देठ एका जागी रचलेले असले, की समजायचं जेवणाची जागा सापडली. आणि कधी शांत उभं राहिलं तर काठावरून पाण्यात 'डुबुक' असा आवाज येतो.

घार, कोल्हा, बगळा यांच्यापासून वाचायला पाण्याखालचं दार पुरतं. मिंक हा मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी आला आणि ते पुरेनासं झालं. अमेरिकन मिंक १९२९ पासून फरसाठी ब्रिटनमध्ये पाळले जाऊ लागले. काही सुटले, काही सोडले गेले, आणि १९५६ मध्ये ते रानात पिल्लं घालत असल्याचं डेव्हनमध्ये सिद्ध झालं. मिंक उत्तम पोहतो आणि मादी इतकी सडपातळ असते, की व्होलच्या बिळात सरळ आत शिरते. म्हणजे लपायला जागाच नाही. चेसवर २००१ ते २००३ या दोन वर्षांत व्होलची संख्या ९७ टक्क्यांनी घटली. इतक्या वेगानं एका नदीवरचा प्राणी जवळजवळ संपतो, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यानंतर काठानं मिंकसाठी सापळे लावले गेले, शेतकरी, जमीनमालक आणि स्वयंसेवक यांनी मिळून दरीवर नजर ठेवली, आणि उरलेल्या मूठभर व्होलपासून संख्या पुन्हा वाढली. व्होल वर्षात तीन-चार वेळा विते, म्हणून शत्रू हटला की ती भरभर सावरते. चेनिझ आणि सॅरटच्या मधल्या फ्रॉगमोर मेडो या ओल्या कुरणाजवळचा काठ त्यांच्यासाठी उत्तम. पण सापळ्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शेजारच्या नदीवर मिंक असेल तर तो चेसवर यायला वेळ लागत नाही.

परकी जनावरं आणि झाडं हा नुसता मिंकपुरता विषय नाही. खाण्यासाठी आणलेला अमेरिकन सिग्नल क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला कोळंबीसारखा प्राणी) काठात बिळं पाडून माती नदीत ढासळवतो आणि स्थानिक पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशला मारणारा बुरशीसदृश रोगही पसरवतो. आणि काठांवर उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी बहरणारा हिमालयन बाल्सम हा तर आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊबंद. कासच्या पठारावर जांभळा-गुलाबी गालिचा अंथरणाऱ्या तेरड्याची आणि याची प्रजाती (जीनस) एकच, इम्पेशन्स. हिमालयातून त्याचं बी १८३९ मध्ये लंडनच्या क्यू बागेत शोभेसाठी आलं. पुरुषभर उंच वाढणारं हे झाड शेंग फुटली की बी कित्येक फूट उडवतं, उरलेलं काम नदी करते. त्याच्या सावलीत स्थानिक गवत मरतं, आणि हिवाळ्यात हे वर्षायू झाड स्वतःही मरतं तेव्हा काठ उघडाबोडका राहतो. माती खडीत जाऊन बसते, आणि त्याच खडीत तेव्हा ट्राउटची अंडी असतात. दर उन्हाळ्यात, बी धरण्याआधी, लोक काठानं हातानं ते उपटत फिरतात. मुळं वरवरची असल्यामुळे सहज निघतं.

नळ आणि नदी

या नदीला सगळ्यात मोठा धोका जमिनीवर दिसतच नाही. चॉकमधलं भूजल स्वच्छ, बारमाही आणि घराजवळचं. म्हणून पाणी कंपन्यांनी शतकभराहून जास्त काळ बोअर घेऊन ते उपसलं. विसाव्या शतकात लंडनभोवतीची उपनगरं वाढली तसा उपसा वाढला. इंग्लंडमध्ये माणूस दिवसाला सरासरी १४० लिटरच्या आसपास पाणी वापरतो. या सधन, बागाबगीच्यांच्या भागात त्याहूनही जास्त. रांजणातून खालून पाणी काढलं, की काठावरून सांडणारं पाणी कमी होणारच. गंमत अशी, की पाणी काढलं जातं एका ठिकाणी आणि परिणाम दिसतो काही किलोमीटर दूर, काही महिन्यांनी, म्हणून बराच काळ कुणाला दोष देता येत नव्हता. सलग दोन हिवाळे कोरडे गेले की चेशममध्ये नदीचं पात्र महिनोन्‌महिने कोरडं पडू लागलं. माथ्याकडचा टप्पा अधूनमधून आटतो हे खरं, पण गावातून नदी नाहीशी होणं हा त्यातला प्रकार नव्हता.

२०२० मध्ये ॲफिनिटी वॉटर या कंपनीनं चेशमजवळचे उपसे थांबवले. माझ्या मते या नदीच्या अलीकडच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची घटना. पण उपसा थांबला तरी नळ थांबत नाहीत. तेवढं पाणी दुसरीकडून आणावं लागतं. म्हणूनच ऑक्सफर्डशायरमध्ये ॲबिंग्डनजवळ प्रचंड साठवण तलाव बांधण्याचा प्रस्ताव आहे, आणि ज्यांची शेतं त्यात जातील त्यांचा त्याला विरोध आहे. चॉकच्या नद्या वाचवायच्या तर हिवाळ्यातलं जादा पाणी कुठं तरी साठवावं लागेल, हे मला पटतं. कुणाच्या जमिनीवर, हा प्रश्न मात्र आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे.

दुसरी अडचण सांडपाण्याची. चेशमचं प्रक्रिया केंद्र आपलं पाणी चेसमध्ये सोडतं आणि कोरड्या दिवसांत नदीतल्या पाण्याचा मोठा हिस्सा तोच असतो. म्हणजे नदीला त्याची गरजही आहे आणि त्रासही. फॉस्फरस काढून टाकण्याची व्यवस्था झाली, की क्रोफूटला श्वास घेता येतो. ओल्या हिवाळ्यात मात्र इथंही भूजलच आडवं येतं. पातळी इतकी चढते, की जुन्या गटारांच्या सांध्यांतून पाणी आत घुसतं, केंद्राची क्षमता संपते आणि अर्धवट प्रक्रिया झालेलं किंवा न झालेलं पाणी दिवसचे दिवस नदीत जात राहतं. यावर उपाय म्हणजे गटारं आतून बंदिस्त करणं. काम खर्चिक आणि जमिनीखालचं, त्यामुळे त्यासाठी सतत पाठपुरावा करावा लागतो. स्थानिक रहिवाशांच्या संस्था तो करत आहेत.

पाहायला जायचं असेल तर चेशम ते रिकमन्सवर्थ अशी सुमारे १६ किलोमीटरची पायवाट नदीच्या सोबतीनं जाते आणि दोन्ही टोकांना मेट्रोपॉलिटन लाइन आहे. भरलेली नदी पाहायची तर एप्रिल, क्रोफूटची फुलं आणि मेफ्लाय पाहायचे तर मेचा शेवटचा आठवडा. वॉटर व्होलसाठी काठापासून जरा मागे थांबा, कारण काठावरच्या पावलांचा धक्का बिळापर्यंत पोचतो. पोरं पाण्यात उतरणारच. हरकत नाही, फक्त उथळ स्वच्छ खडी दिसते तिथं नोव्हेंबर ते मार्च पाय ठेवू देऊ नका. तिथं अंडी असू शकतात. आणि घरी आल्यावर बूट धुऊन पूर्ण वाळवा, मगच ते दुसऱ्या कुठल्या नदीत न्या. क्रेफिशचा तो रोग ओल्या बुटांवरूनही प्रवास करतो.